पाटीवरचे ५६ आणि फिरणारा सल्ला

जुन्या लष्करी ट्रकच्या शौकिनांमध्ये एक सल्ला इतका फिरलाय की तो तपासून बघायच्या भानगडीत आता कुणी पडत नाही. अमेरिकन लष्कराचा एम३५ए२, म्हणजे ‘ड्यूस अँड अ हाफ’ नावाने ओळखला जाणारा अडीच टनी ट्रक घ्या, त्याचं मल्टिफ्युएल (डिझेलसोबत इतर इंधनांवरही चालणारं) इंजिन भंगारात काढा आणि पिकअपमधलं ५.९ लिटरचं कमिन्स कंपनीचं डिझेल इंजिन बसवा. ट्रक ताशी ७० मैल पळेल, अ‍ॅव्हरेज दुप्पट होईल, काम दोन सुट्ट्यांत उरकेल. वर पुरावा असा की लष्करानेही हेच केलं होतं.

‘दमदार इंजिन बसवलं की ७० गाठतो.’ या ट्रकच्या डॅशबोर्डवर पत्र्याची एक पाटी असते, कोणत्या गिअरला जास्तीत जास्त किती वेग ते सांगणारी. टॉप गिअरसमोर ५६ मैल. ते वाचून लोक म्हणतात, बिचाऱ्या इंजिनात दमच नाही. हिशेब करून बघा. अ‍ॅक्सलचा रेशो ६.७२, म्हणजे चाक एकदा फिरायला त्याला जोडलेला शाफ्ट ६.७२ वेळा फिरतो. पाचवा, म्हणजे टॉप गिअर ओव्हरड्राइव्ह (इंजिनापेक्षा शाफ्ट जास्त फिरवणारा), सुमारे ०.८. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे साधारण ५.४ फेरे. इंजिनाची मर्यादा मिनिटाला २६००, म्हणून चाकाचे ४८० च्या जरा वर. मूळ ९.००-२० मापाचा टायर वजनाखाली एका फेऱ्यात जेमतेम ३.१ मीटर जातो. गुणाकार केला की ताशी ९० किलोमीटर, म्हणजेच ५६ मैल. पाटीवर लिहिलंय ते गिअरचं गणित, ताकदीचा त्यात संबंध नाही.

आता तिथे कमिन्स ठेवा. डॉज पिकअपमधलं हेच ५.९ लिटरचं सुरुवातीचं कमिन्स, ६बीटी, १६० हॉर्सपॉवर देतं, तेही २५०० फेऱ्यांवर. मूळ मल्टिफ्युएल इंजिनाची, म्हणजे एलडीटी-४६५ ची ताकद १३०-१४० च्या घरात. चढावर फरक नक्की जाणवेल, सारखा गिअर पाडावा लागणार नाही. पण सपाटीवर गिअर तेच, टायर तेच आणि इंजिन शंभर फेरे कमीच. ७० साठी ३२५० फेरे हवेत. गव्हर्नरच्या (इंजिनाचे फेरे मर्यादेत ठेवणाऱ्या भागाच्या) स्प्रिंगा बदलून तिथवर नेणारे हौशी आहेत, पण मग ते इंजिन तासन् तास त्याच फेऱ्यांवर ओरडत राहणार. वेग हवाच असेल तर मोठे टायर किंवा वेगळा गिअरबॉक्स बघावा. ११.००-२० टायर टाकले तर साठच्या आसपास पोचता येतं, इंजिनाचा एक नटही न सोडवता.

आणि समजा, पोचलात ७० ला. थांबणार कसे? रिकामा ट्रकच सहा टनांच्या आसपास. चाकांना ड्रम ब्रेक, हवेच्या मदतीने दाबलं जाणारं ऑइल, आणि बहुतेक ए२ गाड्यांत मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ऑइलला देणारा) एकाच सर्किटचा, म्हणजे सगळ्या चाकांना मिळून ऑइलचा एकच मार्ग. कुठेही एक होज फुटला की पेडल थेट फळीला टेकतं, सहाही ड्रम एकदम गेले. या सल्ल्यात ब्रेकचं नाव कुणी काढत नाही याचं मला खरंच आश्चर्य वाटतं.

त्यातून ती हवा येते कुठून? मूळ इंजिनावरच्या कॉम्प्रेसरमधून. पिकअपच्या कमिन्सवर तो नसतोच, तिथे व्हॅक्यूम पंप असतो, कारण पिकअपच्या ब्रेकला व्हॅक्यूम लागतो. म्हणजे इंजिन चढवलं, सेल मारला, झकास सुरू झालं, आणि हवेच्या गेजचा काटा शून्यावर झोपलेला. पेडल दगडासारखं. वायपर चालत नाहीत, हॉर्न वाजत नाही, कारण तेही हवेवरच. मध्यम ट्रकमध्ये येणाऱ्या बी-सिरीज कमिन्सला गिअरवर चालणारा कॉम्प्रेसर मिळतो. इंजिन घ्यायचंच तर ते घ्यावं.

‘दोन सुट्ट्यांचं काम.’ बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं कवच) जुळतंय का, क्लचची खोली बरोबर येते का, पायलट बेअरिंग कोणतं, हे आधी मोजावं लागतं. खाली पुढच्या अ‍ॅक्सलचं डिफरन्शियल आहे. स्प्रिंग दबली की ते वर येतं आणि इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरला धडकू शकतं, म्हणून जॅकवर उभ्या गाडीत घेतलेलं माप फसवं. शिवाय ट्रक दोन १२ व्होल्टच्या बॅटऱ्या जोडून २४ व्होल्टचा, पिकअपचा स्टार्टर, अल्टरनेटर आणि इंधन पंपाचा सोलेनॉइड १२ चे. ‘एका बॅटरीवरून १२ काढून घ्या’ म्हणणारे भेटतात. तसं केलं की दोनपैकी एक बॅटरी कायम उपाशी आणि दुसरी उकळत. २४ व्होल्टचा स्टार्टर आणि अल्टरनेटर मिळतात, तेच लावावेत.

अ‍ॅव्हरेज दुप्पट? दोन्ही इंजिनं थेट इंजेक्शनची टर्बो डिझेल. ट्रकचं तोंड तेवढंच सपाट, टायर तेवढेच खडबडीत. थोडा फायदा होईल, दुप्पट व्हायला काही कारणच नाही.

राहिला लष्कराचा दाखला. हे अर्धं खरं. १९९० च्या दशकात जुन्या गाड्यांची दुरुस्ती करून एम३५ए३ काढले, त्यांत कॅटरपिलर ३११६ इंजिन बसवलं. पण सोबत अ‍ॅलिसनचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, रुंद रेडियल टायर, मागे जोडचाकांऐवजी एकेरी चाकं, चालत्या गाडीत टायरची हवा कमी-जास्त करायची सोय, आणि ब्रेकही दोन सर्किटचे. सल्ला देणारे यातलं फक्त इंजिन उचलतात.

मल्टिफ्युएलच्या पंपाचा हेड गेला, सुटे भाग मिळेनात, ब्लॉकला तडा गेला, तर इंजिन जरूर बदला, मी आडवा येणार नाही. फक्त नंतर काटा ५६ च्या पुढे सरकला नाही म्हणून मेकॅनिकला बोल लावू नका.