भिजलेल्या शर्यतीवर कोरड्या जागी बसून चिडावे कसे

फॉर्म्युला वनची शर्यत पावसात सापडली की खरी कसोटी चाहत्याची असते. ड्रायव्हर हेल्मेट काढून गॅरेजमध्ये बसू शकतो, तुम्हाला मात्र बोलत राहावं लागतं. हे काम नीट जमावं असं वाटत असेल, तर २९ ऑगस्ट २०२१ ची बेल्जियन ग्रां प्री अभ्यासाला घ्या. स्पा फ्रँकोरशाँ या ट्रॅकवरची ती शर्यत आपल्याकडच्या घड्याळात रविवारी संध्याकाळी साडेसहाला सुरू होणार होती. आता सुरू झाली की नाही, यावरच माणसं अजून भांडतात.

तयारी शनिवारपासून करा. क्वालिफाइंगमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या जागा ठरवणाऱ्या फेरीत, लँडो नॉरिसची गाडी ‘रेडियों’ नावाच्या चढावर भर पावसात गिरक्या घेत आदळली. सेबास्टियन व्हेटेल त्याच्याजवळ गाडी थांबवून बरा आहेस ना म्हणून बघून गेला, आणि गाड्या थांबवणारा लाल बावटा आधीच का दाखवला नाही म्हणून रेडिओवर कडाडला. इथे तुम्ही हळवं व्हायचं. याच भागात २०१९ मध्ये फॉर्म्युला टूचा ड्रायव्हर आंत्वान ह्युबेर अपघातात गेला होता. त्याचा फोटो स्टेटसला ठेवा, खाली ‘आधी जीव, मग शर्यत’. स्टेटसची सोय अशी की ते चोवीस तासांत आपोआप उडतं. रविवारी संध्याकाळी ‘आजकालचे ड्रायव्हर फार नाजूक झालेत’ असं लिहायला तुम्ही मोकळे.

रविवारी झालंही तसंच. सेफ्टी कारमागे (धोका असला की पुढे राहून सगळ्यांना हळू चालवणारी गाडी) थोड्या फेऱ्या, लाल बावटा, सगळे परत गॅरेजांसमोरच्या पिटलेनमध्ये. मग नुसती वाट पाहणं. या वेळेत तुम्ही हवामानतज्ज्ञ व्हायचं. फोनवर रडार उघडा आणि ‘वीस मिनिटांत उघडतंय’ असं दर वीस मिनिटांनी जाहीर करा. स्पाभोवतालच्या आर्डेनच्या डोंगरांनी आजवर कुणाचं ऐकलेलं नाही, पण तुमचं ऐकतीलही. ते नाही जमलं तर हुकमी वाक्य आहेच: ‘एवढ्या पावसात आमच्याकडे हिंदमाताला बेस्टची बस जाते.’ कुणीतरी चोंबडा सांगायला येईल की बेस्टची बस ताशी तीनशेने जात नाही आणि तिचा तळ रस्त्याला घासत नाही. शिवाय पावसाळी टायर रस्त्यावरचं पाणी उपसतो तेव्हा ते नाहीसं होत नाही, मागच्याच्या डोळ्यांसमोर पांढरी भिंत होऊन उभं राहतं. म्हणजे टायर जितका कामाचा, तितकं मागच्याला कमी दिसणार. अशा माणसाला जांभईची इमोजी पाठवा. त्याचं बरोबर आहे, पण त्याच्यामुळे गप्पांची मजा जाते.

कुठल्याही निर्णयावर मत देण्याआधी गाडीचा रंग बघावा. रेड बुलच्या सर्जिओ पेरेझचंच घ्या. शर्यतीआधी ग्रिडकडे, म्हणजे सुरुवातीच्या रांगेकडे, येतानाच त्याने गाडी ठोकली. आजचा खेळ संपला असं त्याला सांगून झालं, पण पाऊस थांबेना, तेवढ्या वेळात मेकॅनिकांनी गाडी उभी केली आणि त्याला पिटलेनमधून पुन्हा सामील करून घेतलं. तुम्ही रेड बुलचे असाल तर ही मेकॅनिकांची कमाल. मर्सिडीजचे असाल तर उघड उघड पक्षपात. थांबण्याचंही तेच. रेड बुलचा मॅक्स व्हर्स्टापेन पोलवर, म्हणजे रांगेत पहिला, मर्सिडीजचा लुईस हॅमिल्टन तिसरा. त्यामुळे एका गटाला अचानक माणसाच्या जिवाचं मोल कळलं आणि दुसऱ्याला खेळाच्या आत्म्याचं. क्रम उलटा असता तर दोन्ही गटांनी फक्त मजकुरांची अदलाबदल केली असती. ते मजकूर जपून ठेवा, फेकू नका.

शर्यत आटपायची मुदत तीन तासांची, त्यातले दोन सरले तेव्हा पंचांनी घड्याळच थांबवलं, तासभर शिल्लक ठेवून. (आपल्याकडे परीक्षेत असा पाऊस पडला असता तर किती जण पास झाले असते.) मग आपल्याकडे पावणेदहा वाजून गेल्यावर गाड्या सेफ्टी कारच्या मागे बाहेर पडल्या, वरातीच्या चालीने जेमतेम तीन फेऱ्या झाल्या, पुन्हा लाल बावटा, आणि खेळ खलास. गुण द्यायचे तर दोनपेक्षा जास्त फेऱ्या हव्यात असा नियम होता, तो पुरा झाला. निकाल मात्र पहिल्या फेरीअखेरचा धरला. ठरलेल्या ४४ फेऱ्यांपैकी नोंद झाली एकीची. अर्धे गुण वाटले: व्हर्स्टापेनला १२.५, जॉर्ज रसेलला ९, हॅमिल्टनला ७.५. पोडियमवर, म्हणजे पहिल्या तिघांच्या मंचावर, शॅम्पेनही उडाली, तेवढं कोरडं काहीतरी ओलं करायचं राहिलं होतं.

या घडीला ‘खरा विजेता सेफ्टी कारचा ड्रायव्हर बर्न्ड मायलेंडर’ हा विनोद होणारच आहे. तुम्ही पहिले असाल तर करा, नाहीतर पहिल्यालाच ‘जुना झाला’ म्हणून हिणवा. रसेलच्या चाहत्यांनी मात्र सोमवारपर्यंत मौन पाळलेलं बरं. पठ्ठ्याने शनिवारी त्या रडक्या विल्यम्सला पावसात दुसऱ्या क्रमांकावर नेलं होतं. खरी शर्यत झाली असती तर ती गाडी तिथे किती वेळ टिकली असती, हे त्यांनाही ठाऊक आहे. त्याच्या कारकिर्दीतला पहिला पोडियम आहे, फोटो ठेवा आणि तत्त्वांच्या चर्चेत पडू नका.

वय चाळिशीपुढे असेल तर तुमच्या हाती ब्रह्मास्त्र आहे: ‘आयर्टन सेन्ना असता तर पावसात असा बसला नसता.’ बिनधास्त वापरा. फक्त १९९१ ची ॲडलेड काढू नका. तिथे पावसामुळे १४ फेऱ्यांत शर्यत आवरली, सेन्नाच जिंकला, आणि थांबवा म्हणून गाडीतून हात हलवत होता तोही सेन्नाच. १९७६ चं फुजीही नको. निकी लाउडा त्या पावसात दोन फेऱ्यांनंतर गाडी लावून मोकळा झाला आणि जगज्जेतेपद एका गुणाने गेलं. आणि १९८४ चं मोनॅको तर नकोच नको. तिथे पावसात शर्यत थांबली, जिंकलेल्या अलँ प्रोस्टला अर्धेच, म्हणजे साडेचार गुण मिळाले, आणि वर्षअखेर तो लाउडाकडून अर्ध्या गुणाने हरला. जुना काळ सांगायचा तर धूसर सांगावा, तपशील आला की तो आजच्यासारखाच दिसायला लागतो.

डिसेंबरात कॅल्क्युलेटर काढा. अबू धाबीच्या शेवटच्या शर्यतीला व्हर्स्टापेन आणि हॅमिल्टन उतरले तेव्हा प्रत्येकाचे ३६९.५ गुण होते, आणि तो पॉइंट पाच स्पाच्या पाण्यातून आला होता. स्पा वजा करा: हॅमिल्टन पाच गुणांनी पुढे! इथे गणित थांबवा आणि पोस्ट टाका. पुढे अबू धाबीचे गुण मिळवायला गेलात तर व्हर्स्टापेन ३८३, हॅमिल्टन ३८०, म्हणजे स्पा नसतं तरी जेता तोच. एवढ्या मेहनतीचं असं मातेरं होऊ देऊ नये.

पुढच्या वर्षी जपानमधलं सुझुका आलं. ऑक्टोबर २०२२, पुन्हा पाऊस, पण या वेळी शर्यत सुरू केली. पहिल्याच फेरीत कार्लोस साइन्झ आदळला, त्याची गाडी उचलायला ट्रॅक्टर ट्रॅकवर आला आणि फवाऱ्यातून जाणाऱ्या पिएर गॅस्लीला तो अगदी शेजारी दिसला. २०१४ मध्ये याच सुझुकात ज्यूल्स बियांकी अशाच वाहनावर आदळला होता आणि पुढे त्यातच गेला. गॅस्ली संतापला, त्याचा संताप खरा होता. तुमचा? स्पाला ‘सोडा गाड्या’ म्हणून ओरडलेला घसा घेऊन ‘सोडल्याच कशाला’ म्हणून ओरडावं लागेल, तेव्हा गरम पाण्याच्या गुळण्या करून ठेवा.

स्पानंतर नियम बदलले होते: सेफ्टी कारशिवाय किमान दोन फेऱ्या झाल्याच पाहिजेत, आणि शर्यत अपुरी राहिली तर गुण टप्प्याटप्प्याने कमी. सुझुकाला ५३ पैकी २८ फेऱ्या झाल्या आणि गुण मिळाले पूर्ण, कारण शर्यत थांबून पुन्हा सुरू झाली होती. आपण जगज्जेते झालो की नाही, हे खुद्द व्हर्स्टापेनला कळेना. तेव्हा नियम वाचत बसू नका. वाचले की चिडण्याची निम्मी उमेद जाते.

राहता राहिले स्पाच्या टेकड्यांवर रेनकोट घालून दिवसभर चिखलात उभे असलेले लोक. त्यांना पैसे परत द्या, असं हॅमिल्टन त्याच दिवशी म्हणाला. तुमचा खर्च मोबाईल डेटाचा असला तरी तुम्ही त्यांच्यापेक्षा जोरात म्हणा. आणि त्यांच्यातलाच एखादा ‘भिजलो, पण मित्रांबरोबर धमाल आली’ असं म्हणालाच, तर त्याला तिथल्या तिथे गप्प करा. त्याला शर्यतीतलं काय कळणार? तो तिथेच होता, त्याने रिप्लेसुद्धा पाहिलेले नाहीत.