वेल्डिंग नको, शिमच लावा

गाडीच्या मागच्या ट्विस्ट बीमचं (दोन्ही मागची चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्याचं) टोक कापून स्लॉट, म्हणजे लांबट भोक, पाडलेली प्लेट वेल्ड करायची, की कॅम्बर (समोरून पाहताना चाकाचा आत-बाहेर कल) हवा तसा फिरवता येतो, हा मागच्या चाकांचा कॅम्बर बदलण्यावरच्या लेखातला सल्ला निदान आमच्या किनारपट्टीवर तरी कुणी मनावर घेऊ नये. ट्विस्ट बीम म्हणजे नुसता दांडा नव्हे, तो वळणावर पिळला जातो. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडालगतच्या पोलादाची ताकद बदलते आणि तडा जायचा तर तिथूनच जातो. वर कारखान्यातला रंगही जळतो. रत्नागिरीत माझी गाडी खाऱ्या वाऱ्यातच उभी असते. फ्लँजपाशी, म्हणजे बीमच्या टोकाला चाकाचा हब जिथे बोल्टांनी बसतो तिथे, रंगाचा जरासा पोपडा सुटला होता, तर एका पावसाळ्यानंतर तिथला गंज नखाने पापुद्र्यासारखा निघायला लागला. अशा हवेत स्लॉटमधला बोल्ट जाम झाला की मग ॲडजस्ट काय करणार?

शिमचा, म्हणजे हब आणि फ्लँजच्या मधे पाचरीसारखी पातळ चकती घालण्याचा, मार्ग लेखात एका ओळीत उरकलाय, खरं तर तोच सविस्तर हवा होता. हबच्या बोल्टांमधलं उभं अंतर 100 मिमी असेल, तर 1 अंश कॅम्बरसाठी शिमच्या वरच्या-खालच्या जाडीत साधारण पावणेदोन मिमी फरक लागतो. निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकलेला) हवा असेल तर जाड बाजू खाली. सुट्टे वॉशर घालून हे काम मुळीच करू नका, हब पूर्ण टेकला पाहिजे. आणि टो (वरून पाहताना चाकं पुढून आत की बाहेर वळलीत ते) त्याच वेळी तपासून घ्या. आंबा घाटातून सतत ये-जा असेल तर टायर कॅम्बरपेक्षा चुकलेल्या टोनेच लवकर खाल्ले जातात.