आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून?

गेल्या काही महिन्यांत एकच संदेश मला तीन वेगवेगळ्या गटांवर आला. तिसऱ्यांदा तो अशा माणसाने पाठवला, ज्याच्या मताला मी मान देते. नाहीतर दुर्लक्ष केलं असतं. संदेशाचा गाभा असा: ‘आधी देश श्रीमंत होऊ द्या, माणसं आपोआप वर येतील. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? हातात पैसे दिले की लोक आळशी होतात. मासा देऊ नका, मासे पकडायला शिकवा. आणि ज्याच्यात धमक आहे, तो कुणाच्या मदतीशिवाय वर येतोच.’

वाचायला झकास आहे. पण एकेक वाक्य सुटं करून बघा.

आधी आड. म्हण खरीच आहे, फक्त आडात पाणी कुणी वरून ओतत नाही, ते झऱ्यांतून येतं. जपानने १८७२ साली शिक्षणाचा हुकूम काढला, तेव्हा उद्देश लिहिला होता तो असा की गावात एकही निरक्षर घर नको आणि घरात एकही निरक्षर माणूस नको. तेव्हाचा जपान काही श्रीमंत देश नव्हता. १९१०च्या सुमारास तिथली जवळजवळ सगळी मुलं प्राथमिक शाळेत जात होती, आणि तरीही ब्रिटनच्या मानाने तो देश बराच गरीब होता. म्हणजे माणसं आधी शिकली, श्रीमंती मागून आली. दक्षिण कोरियातही कुळांना जमिनी मिळाल्या त्या १९५०च्या आसपास; कारखान्यांची भरारी त्यानंतरची.

उलटं उदाहरण इक्वेटोरियल गिनीचं. १९९०च्या दशकात तिथल्या समुद्रात तेलाचे मोठे साठे सापडले आणि दरडोई उत्पन्न बघता बघता आफ्रिकेतल्या सर्वांत वरच्या देशांत जाऊन बसलं. आरोग्य आणि शिक्षण मात्र त्या उत्पन्नाच्या कितीतरी मागे राहिलं. आड तुडुंब भरला, पोहरा कोरडाच.

आळशीपणाच्या आरोपावर फार वेळ घालवायची गरज नाही, कारण हे मोजून झालं आहे. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा विकसनशील देशांतल्या रोख मदतीच्या सात योजना तपासल्या. पैसे मिळाल्यामुळे लोकांनी काम कमी केलं, असा ठोस पुरावा त्यांना सापडला नाही. फिनलंडने २०१७ आणि २०१८ अशी दोन वर्षं २,००० बेरोजगारांना महिन्याला ५६० युरो विनाअट दिले. नोकरी लागली तरी रक्कम बंद होणार नव्हती. त्यांचे कामाचे दिवस घटले नाहीत, किंचित वाढलेच. (या वाढीचा डंका मी पिटणार नाही; त्याच काळात तिथे बेरोजगार भत्त्याचे नियमही बदलले होते.)

आता मासे. हे वाक्य मला सगळ्यांत जास्त खटकतं, कारण ते शहाणपणाचं वाटतं. पकडायला शिकवा, ठीक. जाळं कुणाचं? होडी कुणाची? तळ्यावर हक्क कुणाचा? आणि शिकेपर्यंत घरात चूल कशावर पेटणार? एका शिवण प्रशिक्षणाच्या समारोपाला मी गेले होते. प्रमाणपत्रं वाटली, फोटो झाले, ‘सबलीकरण’ हा शब्द भाषणांत इतक्या वेळा आला की मी मोजणं सोडून दिलं. काही महिन्यांनी त्यातलीच एक बाई भेटली. मशीन घेतलं का, असं विचारल्यावर हसली. ‘मशीन कुठलं हो, कर्जाला जामीन कोण राहणार? आता तर हातही विसरला.’

बांगलादेशातल्या ब्रॅक या संस्थेने २००२पासून जी पद्धत बसवली, ती नेमकी इथेच वेगळी आहे. अतिगरीब कुटुंबाला गाय, शेळ्या किंवा असंच काही साधन द्यायचं, जम बसेपर्यंत खर्चाला थोडी रक्कम द्यायची, आणि शिकवायचंही. मासा, जाळं आणि शिकवणी, तिन्ही एकदम. इथिओपिया, घाना, होंडुरास, भारत, पाकिस्तान आणि पेरू या सहा देशांत ती पारखून पाहिली. २०१५ साली आलेले निष्कर्ष असे की मदत थांबून वर्ष उलटल्यावरही बहुतेक ठिकाणी ही कुटुंबं इतरांपेक्षा बऱ्या स्थितीत होती. होंडुरासमध्ये मात्र तसं झालं नाही. तिथे बऱ्याच जणांनी कोंबड्या घेतल्या आणि त्या रोगाने मेल्या. आळसाने नव्हे.

त्याच वर्षी छोट्या कर्जांवरचे सहा देशांतले अभ्यासही आले. नुसतं कर्ज दिल्याने गरिबाचं उत्पन्न सरासरीने फारसं पालटत नाही, असं त्यांत दिसलं. हे मला मान्य करायला जड गेलं, कारण बचत गटांवर माझा फार जीव होता.

राहता राहिली धमक. सँड्रा डे ओकॉनर १९५२ साली स्टॅनफर्डमधून कायद्याची पदवी घेऊन, वर्गात वरचा क्रमांक मिळवून बाहेर पडल्या. खासगी वकिली कंपनीने काम देऊ केलं ते काय, तर सेक्रेटरीचं. १९८१ साली त्या अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश झाल्या. ‘बघा, धमक होती म्हणून वर आल्याच की!’ असं कुणी म्हणेल. पण त्यांच्याइतक्याच हुशार ज्या बायका सेक्रेटरी होऊनच राहिल्या, त्यांचं काय? १९६० साली अमेरिकेतले ९४ टक्के डॉक्टर आणि वकील गोरे पुरुष होते. २०१० साली ते प्रमाण ६२ टक्क्यांवर आलं होतं. धमक काही या पन्नास वर्षांत नव्याने जन्माला आली नाही, दारं उघडली. चार अर्थशास्त्रज्ञांनी याचा हिशेब मांडला. या काळात अमेरिकेचं दरडोई उत्पादन जेवढं वाढलं, त्यातला २० ते ४० टक्के वाटा, त्यांच्या अंदाजाने, स्त्रिया आणि कृष्णवर्णीयांना आपापल्या कुवतीचं काम मिळू लागल्याचा आहे. इतका वाटा ‘मदत’ या खात्यात टाकायचा की ‘वाढ’ या खात्यात, ते संदेश पाठवणाऱ्यांनी ठरवावं.

एक गोष्ट मात्र त्या संदेशाच्या बाजूची आहे. सरकारने वाटलेला प्रत्येक पैसा माणसाला उभं करत नाही. पेट्रोल स्वस्त ठेवायला सरकार पैसा ओततं, तेव्हा सगळ्यांत मोठा लाभ ज्याच्या दारात जास्त गाड्या त्याला होतो, आणि त्याला कुणी आळशी म्हणत नाही. संदेशात यावर एखादी ओळ असती, तर मीही तो पुढे पाठवला असता.