मेसा मायामीपेक्षा मोठं, मग काय झालं?

ज्यांची मुलं-सुना अमेरिकेत आहेत अशा घरांच्या ग्रुपवर सध्या एक मजकूर फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं: अ‍ॅरिझोनातलं मेसा हे मायामी आणि अटलांटापेक्षाही मोठं आहे, तरी लोक त्याला फीनिक्सचं सबर्ब, म्हणजे उपनगर, म्हणतात, ही निव्वळ जुनी सवय. वस्ती लाखावर गेली की ते शहरच. सरकारदरबारी ‘सिटी’ अशी नोंद असली की विषयच संपला. खरे सबर्ब म्हणजे रात्री झोपायला परतायच्या बंगल्यांच्या रांगा. आणि सोपं करून सांगायचं तर सबर्ब म्हणजे ‘आपली अंधेरी-बोरिवली’.

यातले आकडे २०२० च्या जनगणनेपुरते बरोबर आहेत. त्यांवरून काढलेले निष्कर्ष मात्र एकापाठोपाठ एक घसरतात.

आधी लोकसंख्या. २०२० च्या जनगणनेत मेसा ५,०४,२५८, अटलांटा ४,९८,७१५, मायामी ४,४२,२४१. मान्य. पण ही मोजणी पालिकेच्या हद्दीतली आहे, आणि हद्द कुठे पडली यामागे शंभर वर्षांचं राजकारण असतं. मायामीची जमीन जेमतेम ३६ चौरस मैल, मेसाची १३० च्या वर. फ्लोरिडातल्याच जॅक्सनव्हिलने १९६८ मध्ये आपली पालिका आणि काउंटी (म्हणजे जिल्हा) एकत्र केली आणि एका फटक्यात ते ७०० चौरस मैलांच्या पुढे गेलं. त्याचे सबर्ब त्याच्याच पोटात आहेत. मायामीच्या भोवती साठ लाखांचा महानगर प्रदेश आहे आणि तो मायामीच्या नावाने ओळखला जातो. मेसाच्या भोवती जो आहे तो फीनिक्सचा, आणि खुद्द फीनिक्सची वस्ती सोळा लाख. एक गोष्ट मजकूर लिहिणाऱ्याच्या बाजूने सांगायला हवी: सरकारी यादीत त्या प्रदेशाचं नाव ‘फीनिक्स-मेसा-चँडलर’ असं आहे. मेसाला तिथे दुय्यम का होईना, स्थान आहे.

‘सिटी’ या नोंदीचं तर विचारूच नका. ती प्रत्येक राज्याच्या कायद्यावर अवलंबून. मेसाला खेटून असलेलं गिल्बर्ट २,६७,९१८ वस्तीचं, आणि कागदोपत्री अजून ‘टाउन’. लॉस एंजेलिसजवळचं व्हर्नन मात्र ‘सिटी’, रहिवासी २२२. न्यू यॉर्कच्या लाँग आयलंडवरचं हेम्पस्टेड हेही ‘टाउन’च, वस्ती ७,९३,४०९, म्हणजे बॉस्टनपेक्षा जास्त. आपल्या मंडळींचं लाडकं, न्यू जर्सीतलं एडिसन तर ‘टाउनशिप’. आणि ‘सबर्ब’ अशी अधिकृत व्याख्या जनगणना खात्याकडे नाहीच.

आता ‘झोपायची जागा’. हे १९५० साली बरंचसं खरं होतं. आजचं उदाहरण घ्यायचं तर टेक्ससमधलं आर्लिंग्टन घ्या, डॅलस आणि फोर्ट वर्थच्या मधोमध वसलेलं. वस्ती ३,९४,२६६. जनरल मोटर्सचा कारखाना १९५४ पासून. टेक्सस विद्यापीठाची मोठी शाखा. सिक्स फ्लॅग्जचं पहिलं करमणूक उद्यान इथलंच, १९६१ चं. बेसबॉलचा रेंजर्स संघ इथे खेळतो, अमेरिकन फुटबॉलचा डॅलस काउबॉइज संघही. (हे ‘डॅलस’ काउबॉइज १९७१ पासून आपले घरचे सामने डॅलसच्या हद्दीबाहेर खेळतायत, आधी अर्व्हिंगमध्ये, २००९ पासून इथे.) नोकऱ्या, विद्यापीठ, स्टेडियम, गर्दी, सगळं आहे. मग याला शहर का म्हणू नये?

कारण शहराबरोबर येणारं ओझं त्याने घेतलेलं नाही, आणि ते नाकारण्याची मुभा त्याला आहे. आर्लिंग्टनमध्ये ठरलेल्या मार्गांवर धावणाऱ्या बसचं जाळं नाही. सार्वजनिक वाहतुकीचा प्रस्ताव मतदारांनी १९८०, १९८५ आणि २००२ मध्ये फेटाळला. टेक्ससमध्ये स्थानिक विक्रीकर एकूण दोन टक्क्यांच्या वर नेता येत नाही. डॅलसने त्यातला एक टक्का बस-रेल्वेला दिलाय. आर्लिंग्टनने २००२ मध्ये बसला नाही म्हटलं आणि २००४ मध्ये त्याच मतदारांनी काउबॉइजच्या स्टेडियमसाठी अर्धा टक्का वाढीव विक्रीकर मंजूर केला! डॅलस-फोर्ट वर्थ जोडणारी प्रवासी रेल्वे उत्तरेकडून निघून जाते, आर्लिंग्टनमध्ये तिचं स्टेशन नाही. २०१७ च्या शेवटी पालिकेने अ‍ॅपवर बोलावायच्या सामायिक व्हॅन सुरू केल्या, तेवढंच. काउंटीचं मुख्य न्यायालय आणि मोठं सरकारी रुग्णालय फोर्ट वर्थमध्ये. गरीब, आजारी, कज्जात अडकलेला माणूस शेवटी तिकडेच जातो. मोठा सबर्ब आणि शहर यांतला फरक माझ्या मते इथे आहे. शहराला प्रदेशाची सगळी उस्तवार करावी लागते. सबर्बला तिच्यातलं हवं ते उचलता येतं. मुलाकडे सहा महिने राहायला गेलेले आईबाबा ‘कुणी गाडी काढली तरच बाहेर पडायचं’ म्हणून वैतागतात, त्याला बऱ्याचदा असंच एखादं मतदान कारणीभूत असतं.

उंच इमारती आणि दाटीवाटी हीही खूण नाही. हडसन नदीपल्याडचं, न्यू जर्सीतलं युनियन सिटी दर चौरस मैलामागे न्यू यॉर्कपेक्षा दाट आहे, आणि तरी मॅनहॅटनचं उपनगरच.

राहता राहिली अंधेरी. ही तुलना सगळ्यांत जास्त फसवते, कारण ऐकताक्षणी पटते. अंधेरी-बोरिवली मुंबई महापालिकेतच आहेत. १९५७ पर्यंत हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत गेली होती. दादरच्या घराचा मालमत्ता कर आणि बोरिवलीच्या घराचा कर एकाच तिजोरीत जातो. अमेरिकन सबर्बची पालिका वेगळी, महापौर वेगळा, बहुतेक ठिकाणी पोलीसही वेगळे. कॅलिफोर्नियातल्या लेकवुडने तर १९५४ मध्ये पालिका स्थापन केली आणि पोलीससेवा काउंटीकडून कंत्राटाने घेतली: हद्द स्वतःची, कर स्वतःच्या हातात, शिपाई भाड्याचे. जवळची तुलना हवीच असेल तर ठाणे किंवा नवी मुंबई घ्या. पण तीही शाळेपाशी तुटते.

तिकडे शाळांचा स्वतंत्र जिल्हा असतो, आणि बहुतेक राज्यांत त्याच्या पैशाचा मोठा हिस्सा तिथल्याच घरांच्या मालमत्ता करातून येतो. डेट्रॉइटच्या शाळांतली वर्णभेदाची विभागणी मोडायला भोवतालच्या सबर्बांचे शालेय जिल्हेही सामील करून घ्या, असा आदेश खालच्या न्यायालयाने दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी तो रद्द केला: त्या जिल्ह्यांचा दोष सिद्ध झालेला नाही, तेव्हा त्यांना यात ओढता येणार नाही. त्यामुळे शालेय जिल्ह्याची हद्द मधून जात असेल तर एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना, एकाच आकाराच्या दोन घरांच्या किमतीत घसघशीत फरक पडू शकतो. घर शोधताना आपली मंडळी बेडरूम मोजायच्या आधी शाळेचं रेटिंग बघतात ते उगीच नाही.