अडीच तासांत सेनापती

पानिपतावर चित्रपट येतोय असं कळलं की तिकिटाच्या आधी एक काम उरकून घ्या. ही लढाई तुम्ही कशी जिंकली असती, ते ठरवून टाका. एरवी रहस्यपटाचा शेवट कुणी फोडला तर आपण महिनाभर त्याच्याशी बोलत नाही. इथे शेवट शाळेपासून तोंडपाठ असतो, तारखेसकट, आणि तरीही अख्खं थिएटर जीव मुठीत धरून बसतं की या खेपेला तरी पेशव्यांच्या मुलाला, विश्वासरावांना, ती गोळी चुकेल. चुकत नाही. बाहेर पडताना मात्र पार्किंगमध्ये ज्याच्या त्याच्याकडे ती चुकवण्याची योजना तयार असते. तिथे तुम्ही गप्प उभे राहिलात तर घरच्यांना खाली मान घालावी लागेल.

पडद्यावर पहिल्यांदा तो लांबलचक खुलासा येतो. काही प्रसंग कल्पित आहेत, कुणाच्या भावना दुखावण्याचा हेतू नाही, वगैरे. तो वाचू नका. वाचलात तर ‘काही प्रसंग चक्क कल्पित आहेत’ हा शोध दुसऱ्या दिवशी स्वतःच्या नावावर कसा लावणार?

मग नायकाचा, म्हणजे मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊ यांचा, प्रवेश होतो. त्याने घोड्यावरून उतरायच्या आत, मागच्या दोन रांगांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणा, “हा भाऊ वाटत नाही.” हे मत अत्यंत सुरक्षित आहे, कारण भाऊ कसे वाटत हे ठरवणं त्यांच्या काळातल्या माणसांनाही जमलं नव्हतं. लढाईनंतर काही वर्षांनी एकजण ‘सदाशिवरावभाऊ तो मीच’ म्हणत उभा राहिला. त्याला कैदेत टाकलं. तिथून तो सुटला, रत्नागिरीच्या बाजूने त्याने बंड मांडलं, कोकणातले किल्ले घेतले आणि चांगली जाणती माणसं त्याला मुजरे करू लागली. शेवटी १७७६ साली पेशवे सरकारने त्याला देहदंड दिला तेव्हा तो प्रयोग थांबला. ज्यांनी खऱ्या भाऊंचं राज्य पाहिलं होतं त्यांचं हे असं झालं. तुम्हाला मात्र टीझरच्या सातव्या सेकंदाला कळलंच पाहिजे.

अब्दालीबद्दल, म्हणजे पलीकडच्या अफगाण बादशहाबद्दल, फार ताण घेऊ नका. अंधाऱ्या तंबूत, डोळ्यांत काजळ, हातात भाजलेली तंगडी, गुरगुरून बोलणं. असा असला की ‘खरा वाटतो’ म्हणायचं. तो त्या वेळी चाळिशीच्याही आत होता आणि पश्तोत कविता करायचा, ही माहिती तुमच्या कानावर आली असेल तर ती तिथेच ठेवा. कवितेने खलनायक बिघडतो. लढाई जिंकून तो दोनेक महिन्यांत दिल्ली सोडून घरी गेला, थकलेल्या पगारासाठी त्याचेच शिपाई कुरकुरत होते, हेही नको. एवढं कळल्यावर माणूस त्याच्यावर नीट चिडणार कसा?

आता तारीख. १४ जानेवारी १७६१, बुधवार. इथे ‘मराठ्यांवर संक्रांत कोसळली’ हे वाक्य आलंच पाहिजे, त्याशिवाय परीक्षण पूर्ण होत नाही. तुमच्या ग्रुपवर एखादा पंचांगवाला असेल तर तो सांगेल की त्या काळी सूर्य मकर राशीत जानेवारीच्या दहा तारखेच्या आसपास जात असे, लढाईच्या दिवशी पौष शुद्ध अष्टमी होती आणि संक्रांत होऊन चार दिवस लोटले होते. त्याला ग्रुपमधून काढा. शिवाय त्या छावणीत संक्रांतीला तीळ कुठून आणणार होते, असा फाजील प्रश्नही तोच विचारील, आणि मग विषय भलतीकडे जाईल.

मुख्य विषय आहे दोष कुणाचा. यासाठी पूर्वी कागदपत्रं वाचावी लागत, हल्ली आडनाव पुरतं. घरी परतताना गाडीत कोण कोण आहे ते पाहा. मल्हारराव होळकर रणातून निघाले, हे सगळ्यांना माहीत आहे. ते पळाले, की भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंना सुखरूप काढायचं भाऊंशी ठरलं होतं म्हणून निघाले, यावर जाणकारांचं अजून एकमत नाही. तुमचं दहा मिनिटांत व्हायला हवं. चित्रपटात ते निघाले असं दाखवलं तर बदनामी म्हणा. सन्मानाने निघाले असं दाखवलं तर सारवासारव म्हणा. दाखवलंच नाही तर इतिहासातून पुसून टाकल्याबद्दल निवेदन द्या. लेखकाने काय लिहायला हवं होतं हे कुणी विचारलं तर कायद्याचा अभ्यास चालू आहे असं सांगावं.

भाऊंना दोष द्यायचा असेल तर ‘गनिमी कावा सोडला’ एवढं म्हटलं की झालं. सूरजमल जाट आणि मल्हारराव यांनी बायकामाणसं, जड सामान मागे ठेवून हलकं व्हा म्हणून सांगितलं होतं, ते ऐकलं नाही, हेही जोडा. यात तथ्य आहेच, म्हणून ते जपून वापरा. कारण लगेच कुणीतरी म्हणेल की १७६० च्या फेब्रुवारीत उदगीरला निजामाला ज्या मोहिमेत नमवलं, तिची भिस्त जड तोफांवर आणि कवायती पलटणींवर होती, आणि अवघ्या वर्षाच्या आत ती विद्या गुंडाळून झाडीत लपा म्हणणं सोपं नव्हतं. अशा माणसाला ‘तुम्ही पुस्तकी आहात’ म्हणून गप्प करता येतं. गोल, म्हणजे बायकामाणसं मध्ये घेऊन फौजेने धरलेली रचना, मोडला तो विंचूरकर आणि गायकवाडांच्या पथकांनी जागा सोडून चाल केल्यामुळे, हा मुद्दा सांगायचा असेल तर आधी डावीउजवीकडे बघून घ्या. वंशज असतात.

एक अडचण मात्र मोठी आहे. तुम्हाला हे युद्ध दोन धर्मांचं म्हणून पाहायचं असेल तर मधल्या काही जागी डोळे मिटावे लागतात. भाऊंचा तोफखाना आणि गारदी, म्हणजे कवायती बंदूकवाले, ज्याच्या हाती होते तो इब्राहीमखान गारदी शेवटपर्यंत हलला नाही, पकडला गेला आणि मारला गेला. पलीकडे, अब्दालीच्या बाजूने लढणाऱ्या अवधच्या नवाब शुजाउद्दौल्याच्या फौजेत अनुपगिरी गोसाव्याचे हत्यारबंद साधू उभे होते. आणि या लढाईचा जो वृत्तांत सगळे उतरवून घेतात तो फारसीत लिहिणारा काशीराज पंडित हा दक्षिणी ब्राह्मण होता, शुजाच्या नोकरीतला. इब्राहीमखानाचा मृत्यू पडद्यावर आला की बऱ्याच जणांना नेमकं तेव्हाच पाणी प्यायला जावंसं वाटतं. तुम्हीही जा. रांग असते, त्यामुळे परत येईपर्यंत प्रसंग संपलेला असतो.

दुसरी बाहेर जायची जागा म्हणजे उपासमार. हा भाग दिग्दर्शकाने आपल्यासाठी दीड मिनिटात बसवलेला असतो. एक रडतं मूल, एक रिकामं भांडं, एका बाईचा आर्त आलाप, आणि लगेच घोडे. घोडे तर मरत होते खरं म्हणजे, चाऱ्यावाचून. पण त्याकडे लक्ष देऊ नका. १७६० च्या मार्चमध्ये परतूडहून फौज निघाली, तिच्याबरोबर बायका, यात्रेकरू, दुकानदार, नोकरचाकर असे बाजारबुणगे निघाले. दिल्लीत ऑगस्टमध्ये पैसा इतका संपला की लाल किल्ल्यातल्या दिवाण-ई-खासचं चांदीचं छत उतरवून नाणी पाडावी लागली. ऑक्टोबरात कुंजपुरा घेतला तेव्हा धान्य हाती लागलं, थोडे दिवस चुली पेटल्या. तेवढ्यात अब्दालीने बागपताजवळ यमुना ओलांडली आणि दक्षिणेची वाट बंद झाली. डिसेंबरात रसदेच्या मागे असलेले गोविंदपंत बुंदेले मारले गेले. त्यानंतर छावणीत रोज सकाळी कोण उठत नव्हतं, ते मोजायचं. शेवटी सरदार भाऊंकडे गेले आणि म्हणाले, उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू. चौदा तारखेची लढाई झाली ती या बोलण्यानंतर.

यात चित्रपट कुठे आहे? अडीच महिने खंदकाच्या आत बसून राहायचं, हुंडी वटत नाही म्हणून सावकाराला पत्र लिहायचं, गव्हाचा भाव विचारायचा. नायकाच्या हातात तलवारीऐवजी खतावणी दिली तर पहिल्या रांगेतून काय फेकलं जाईल याचा निर्मात्याने हिशेब केलेला असतो, आणि तो बरोबर असतो. तेव्हा तुम्हीही परीक्षणात ‘मध्यंतरानंतर चित्रपट रेंगाळतो’ असं लिहा. रेंगाळतो म्हणजे अन्नाचा विषय निघतो.

हरल्याची बातमी उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना वाटेत मिळाली, तीही म्हणे एका सावकारी पत्रातून. दोन मोती गळाली, मोहरा हरवल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही, अशा आशयाचं. मोती कोण ते आपल्याला ठाऊक आहे, त्यांची पोस्टरं लागतात. मोहरांच्या घराण्यांचे वकील असतात. खुर्द्याला पडद्यावर रोजंदारीने आणतात, संध्याकाळी जेवण देऊन. म्हणजे पानिपतात जे मिळालं नाही ते चित्रीकरणात मिळतं, हे निर्मात्याच्या बाजूने नोंदवायला हरकत नाही.

लढाईच्या दृश्यांबद्दल एकच वाक्य पुरे, ‘व्हीएफएक्स कमी पडलं’. याला आजवर कुणी उलट उत्तर दिलेलं नाही. उंटांवरच्या जंबुरक्यांनी, म्हणजे छोट्या तोफांनी, दुपारनंतर काय नासधूस केली हे दाखवलं तर ‘उंट हास्यास्पद’ आणि नाही दाखवलं तर ‘अभ्यास नाही’. पगडी, नथ, नऊवारीचा काठ यांवर तासभर बोलता येतं आणि त्यासाठी चित्रपटाकडे बघावंही लागत नाही, एक फोटो पुरतो. पटकथा, अभिनय, संकलन असल्या किरकोळ बाबी वेळ उरल्यास घ्याव्यात.

तारे देताना एक तरी द्या किंवा पाच. अडीच-तीन देणाऱ्याला दोन्हीकडून शिव्या बसतात. पाच देणार असाल तर ‘अंगावर काटा आला’ लिहा, एक देणार असाल तर ‘रक्त खवळलं’. शरीरात काही झालंच नसेल तर तुम्ही मराठी आहात का, याची विचारणा होईल.

आणि चर्चा उतरणीला लागली की ठेवणीतला प्रश्न काढा. आमच्या पराभवावरच चित्रपट का? महादजी शिंद्यांवर का नाही? याच रणात पायाला कायमचा अधू करणारा घाव घेतलेला माणूस, राणेखान भिश्त्याने बैलावर घालून आणला म्हणून वाचलेला. दहा वर्षांनी, १७७१ साली, मराठ्यांनी दिल्ली परत घेतली आणि पुढच्या जानेवारीत शाहआलम बादशहाला आणून तख्तावर बसवला, त्यात हा पुढे होता. सगळे ‘खरंय, खरंय’ म्हणतील. तुम्हीही जोरात म्हणा. फक्त तो चित्रपट खरोखरच निघाला तर तिकीट काढायच्या भानगडीत पडू नका. त्यात आपण जिंकतो, हे ठीक आहे. पण मग मध्यंतरात दोष कुणाला द्यायचा?