मिस्सा चुकली की पाप?

आई अंथरुणाला खिळली तेव्हाची गोष्ट. रविवारी सकाळी चर्चची घंटा वाजायची तेव्हा मी तिची कूस बदलत असायचे. "तू जा गं, मी राहीन," ती म्हणायची. पाच मिनिटंही एकटी राहू शकत नव्हती. त्याच दिवसांत ओळखीतल्या एका बाईंनी रस्त्यात गाठलं, "हल्ली रविवारी दिसत नाहीस. मोठं पाप आहे हे." त्या रात्री मी खूप रडले.

रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना, आम्हा कॅथलिकांना बंधनकारक आहे, यात वाद नाही. १९८३ च्या कॅथलिक धर्मसभेच्या (चर्चच्या) कायद्यात १२४७ वं कलम तेच सांगतं. शनिवारी संध्याकाळची मिस्साही चालते. चर्चच्या अधिकृत धर्मशिक्षणाच्या ग्रंथात (कॅटेकिझम), परिच्छेद २१८१ मध्ये, जाणूनबुजून मिस्सा चुकवणं हे गंभीर पाप म्हटलंय. पण परिच्छेद पूर्ण वाचा. आजारपण, तान्ह्या बाळाची देखभाल अशा कारणांसाठीची सूट तिथे आधी येते, पापाचं वाक्य नंतर. बाईंना नंतरचंच पाठ होतं.

मला हे बंधन जाचक वाटत नाही. ३०४ साली उत्तर आफ्रिकेत अबितिने गावच्या ४९ ख्रिस्ती लोकांना रविवारी एकत्र जमल्याबद्दल पकडलं. रोमन बादशहाची बंदी असताना का जमलात, विचारलं तर म्हणाले, याशिवाय आम्ही राहूच शकत नाही. जीव गेला त्यांचा. म्हणून धडधाकट माणसाने घरी मोबाइलवर मिस्सा लावून "झाली माझी" म्हणणं मला अजिबात पटत नाही.

पण बंधन एकतर्फी नाही. १५५ च्या सुमारास संत जस्टिन हे सुरुवातीच्या काळातले ख्रिस्ती लेखक रविवारच्या सभेचं वर्णन करतात, त्यात जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे डीकन (फादरांना मदत करणारे सेवक) कम्युनियन, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, घेऊन जातात. म्हणजे तेव्हाही गैरहजर कोण हे पाहिलं जायचं, ते त्याच्या घरी जाण्यासाठी!

आमच्याकडे चार महिन्यांनी चर्चचे एक सेवक आले. गळ्यात छोटी गोल डबी, तिच्यात कम्युनियन. आईला गिळता येत नव्हतं, म्हणून त्यांनी कणभर तुकडा चमचाभर पाण्यात दिला. तिने डोळे मिटले आणि बराच वेळ हात जोडलेलेच ठेवले. चार महिने का लागले? फादरांना कोणी कळवलंच नव्हतं. मीसुद्धा नाही, अपराधी वाटत होतं म्हणून.

तुमच्या शेजारी असं कोणी अंथरुणावर असेल, तर या रविवारी मिस्सा झाल्यावर फादरांना त्यांचं नाव आणि पत्ता द्या.