जस्ताची श्रीमंती

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली नाणी जमवायचं ठरवलंत? फारच छान. छंद तसा स्वस्तातला आहे. तो महाग कसा करायचा, एवढंच माझ्याकडून शिकून घ्या.

नाणं हातात पडलं की आधी घासायला घ्या. जर्मनीची १९४० नंतरची जस्ताची फेनिग पाहिलीत ना? करडी, काळवंडलेली, कडेला पांढरी भुकटी. असलं ध्यान चारचौघांत दाखवायचं तरी कसं? लिंबू, टूथपेस्ट, तारेची घासणी, हाताला लागेल ते वापरा. तांबं दारूगोळ्याकडे गेलं, निकेल चिलखती पोलादाकडे गेलं आणि लोकांच्या खिशात जस्त उरलं, हे त्या करड्या रंगातच वाचता येतं, असं काही जाणकार सांगत फिरतात. फिरू द्या. लिंबाने गरुड गेला, आकडा गेला, साल गेलं, तरी चकती किती स्वच्छ निघाली!

कॅनडाचं १९४३ सालचं पाच सेंटचं बाराकोनी नाणं तर जरा जास्तच घासा. निकेल युद्धाला लागत होतं म्हणून ते टॉम्बॅक नावाच्या पितळेत पाडलं. त्याच्या कडेने जे बारीक ठिपके आणि रेघा दिसतात, ती नुसती नक्षी नाही. मोर्सच्या लिपीत लिहिलंय, की मनापासून राबू तेव्हा जिंकू. तुम्हीही मनापासून राबा. तीन-चार वेळा घासलंत की संदेश साफ.

आता चुंबक. तो घरात ठेवूच नका. संसार मोडतात तसे संग्रह मोडतात त्याने. अमेरिकेने १९४३ साली तांबं वाचवायला सेंट पोलादाचा केला, वर जस्ताचा मुलामा. असे शंभर कोटींहून जास्त सेंट पडले. आदल्या वर्षीच्या ब्राँझच्या काही चकत्या टांकसाळीत चुकून राहून गेल्या, त्यांच्यावरही १९४३चा छाप बसला, आणि हे मोजके तांबडे सेंट पुढे दंतकथा झाले. आता मोजके म्हणजे मोजके, पण तुमच्या वाट्याला एक राखून ठेवलेला असणारच. विक्रेता म्हणतो ना, आजोबांच्या पेटीत सापडला म्हणून? मग झालं तर. या विक्रेत्यांना आजोबा किती असतात आणि आजोबांना पेट्या किती, हे मोजायला बसू नये. चुंबकाला चिकटला तर तो पोलादावर तांब्याचं पाणी चढवलेला निघेल आणि उगाच तोंड कडू होईल. नाही चिकटला तर मात्र खुशाल नाचा. १९४८ सालच्या सेंटवरच्या इंग्रजी आठाची डावी बाजू कानशीने तासली की तीन उरतो, ही क्षुल्लक माहिती त्या वेळी आठवायची नाही.

(त्या पोलादी चकत्या उरल्या, तर १९४४ साली फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने त्यांच्यावर बेल्जियमचे दोन फ्रँक पाडून दिले. एका देशाच्या उरल्यासुरल्यात दुसऱ्याचं चलन. यात चकाकणारं काही नाही, तेव्हा सोडून द्या.)

जपानचा एक सेनही तुमच्या दर्जाचा नाही. विमानांना अ‍ॅल्युमिनियम हवं, म्हणून सेन हलका हलका होत गेला, आणि १९४४ साली चक्क कथलाचा झाला. आशियाभर साम्राज्य आणि खिशात कथील! नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, ही म्हण कुणी टांकसाळीत पाडून दाखवली असेल तर ती इथे. १९४५ साली तर भाजलेल्या मातीचीही नाणी तयार झाली, पण ती बाजारात येण्याआधीच युद्ध संपलं. मातीला पॉलिश लागत नाही, त्यामुळे आपल्याला त्यात रस नाही.

साठवायला मऊ पीव्हीसीची पाकिटं घ्या, उघडताच भपकन वास येणारी. काही वर्षांत नाण्यावर हिरवा चिकट थर चढतो. त्याला प्राचीन झाक म्हणून खपवता येतं.

आणि शेवटी, संग्रहाला वजन यावं म्हणून वूच वस्तीचं एक नाणं मिळवाच. पोलंडमधल्या या शहरात नाझींनी ज्यूंना कोंडलं, त्यांच्याकडचा खरा पैसा काढून घेतला आणि बदल्यात वस्तीबाहेर कवडीचीही किंमत नसलेलं चलन दिलं. १९४३ची अ‍ॅल्युमिनियमची नाणी इतकी हलकी, की तळहाताला भार कळत नाही. त्यांच्यावर ‘दहा मार्क’ एवढंच लिहिलेलं नाही, ‘दहा मार्कांची पावती’ असं लिहिलंय. घासाघीस जोरात करा. बनावट नाण्यांचा सुळसुळाट आहे, तेव्हा विक्रेताही फार ताणून धरणार नाही. नाणं हातावर ठेवताना तो एवढंच विचारेल, की चकाकी करून देऊ का?